फटफट्यांची वारी

मोटारसायकल म्हटली की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, आणि ती आठी सर्वस्वी अकारण असते असे आम्ही म्हणणार नाही. तरुण मुलांनी टोळ्या करून, डोक्यावर शिरस्त्राणे चढवून दूरदूर धावावे, तेथे परस्परांची छायाचित्रे काढावीत आणि परत येताच वडिलांकडे पेट्रोलचे पैसे मागावेत, हा प्रकार आता घरोघर परिचित झाला आहे. गेल्या महिन्यात एका वाचकभगिनीने आम्हांस विचारले, की या टोळीयात्रांविषयी आपण एकदा खडसावून का लिहीत नाही? खडसावण्याचे काम आम्ही छत्तीस वर्षे वर्गात केले. आता त्याचा कंटाळा आला आहे. त्याऐवजी फटफट्यांच्या एका निराळ्याच यात्रेची हकीकत आज सांगतो. ती चीन देशातील आहे, आणि तिच्यात हौसेचा भाग जवळजवळ नाही.

चिनी नववर्ष चांद्रमानाने येते. त्यांच्या पंचांगातही आपल्याप्रमाणे अधिक मास असतो, आणि वर्षाचा पहिला दिवस आपल्या पौष वा माघ अमावास्येच्या सुमारास पडतो. आदल्या रात्री सर्व कुटुंबाने एका मेजाभोवती बसून जेवावे, हा तेथील मुख्य कुळाचार. या जेवणास मुलगा आला नाही तर त्याचे ताट मांडून ठेवणारी घरेही आहेत. सणापूर्वीचे १५ व नंतरचे २५ असे एकंदर ४० दिवस सरकार वाहतुकीचा विशेष काळ म्हणून निराळे मोजते, आणि २०२५ साली या काळात सुमारे ९ अब्ज प्रवास घडले असा सरकारी हिशेब आहे. गणपतीस कोकणात निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेला मुंबई-गोवा रस्ता ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्याची कित्येक पटींनी कल्पना करावी.

दक्षिणेतील ग्वांगडोंग प्रांत हा कारखान्यांचा प्रांत. तेथील फोशान, चोंगशान, च्यांगमेन या शहरांत फरशा, दिवे, कपडे आणि यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. आणि ते तयार करणारे हात पश्चिमेकडील ग्वांगशी व ग्वेझोऊ या डोंगराळ, गरीब प्रांतांतून आलेले असतात. सणास या सर्वांना एकाच आठवड्यात घरी जावयाचे असते. आगगाडीत जागा थोडी, आणि तिकीट मिळविणे ही एक तपश्चर्या. पुढे तिकिटे संगणकावर मिळू लागली, तेव्हा दिवसभर यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगारापेक्षा कचेरीत बसलेल्या कारकुनास ती अगोदर मिळू लागली. शिवाय गाडी उतरविणार ती एखाद्या मोठ्या शहरात. तेथून डोंगरातील आपल्या खेड्यापर्यंत जावयाचे कसे? मोटारसायकल मात्र थेट अंगणात नेऊन सोडते, सामान वाहते, आणि सणाच्या दिवसांत सोयऱ्यांकडे जाण्यासही उपयोगी पडते. २००८ च्या जानेवारी अखेरीस दक्षिण चीनमध्ये बर्फाचा असा प्रकोप झाला की विजेच्या तारा तुटल्या, आगगाड्या जागच्या जागी थिजल्या आणि ग्वांगझोऊच्या स्थानकाबाहेर लाखो माणसे दिवसानुदिवस उभी राहिली. त्या आठवणीने पुष्कळांनी आगगाडीचा नाद सोडला असे सांगतात. पुढील काही वर्षे सणाच्या आधी लक्षावधी माणसे दुचाकीवरून तांड्यातांड्याने पश्चिमेकडे निघत. द्रुतगती मार्गांवर दुचाकीस मज्जाव असल्यामुळे त्यांची वाट जुन्या राष्ट्रीय मार्ग ३२१ वरून जाई. सणाच्या दिवसांत लहान मोटारींना द्रुतगती मार्गांवरील पथकर २०१२ पासून माफ झाला, ही गोष्ट येथेच नमूद करून ठेवतो. मोटार ज्याच्यापाशी आहे त्यास माफी, आणि ज्याच्यापाशी नाही त्यास जुना रस्ता!

आमचा एक विद्यार्थी फरशांच्या व्यापारानिमित्त काही वर्षे फोशानला होता. २०१३ साली कारखान्यातील एका कामगाराने त्यास सणाकरिता आपल्या गावी नेले. हा कामगार डोंग जातीचा. त्याचे गाव ग्वेझोऊ प्रांतातील त्सोंगजियांग तालुक्यात, सुमारे सातशे किलोमीटरांवर. एकाच खोऱ्यातील माणसांच्या सहा फटफट्या एकत्र निघाल्या. आमचे शिष्योत्तम मागील आसनावर. कारण चीनमध्ये आपला किंवा आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही, तेथीलच काढावा लागतो. (मागे बसणे हेच त्याच्या प्रकृतीस योग्य, असे आमचे मत आम्ही त्यास कळविले आहे.) कामगाराची पत्नी तिच्या भावाच्या गाडीवर होती.

६ फेब्रुवारीस पहाटे सर्व निघाले. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, गुडघ्यांवर रजईच्या कापडाच्या झडपा, हातमोजे तर मुठींनाच कायमचे जखडलेले. मागे खताच्या रिकाम्या गोणीत म्हाताऱ्यांसाठी कपडे, मुलांसाठी खाऊ आणि एक विजेची शेगडी. थंडी फार नव्हती, पण पाऊस झिमझिम चालू होता, आणि वाऱ्यात तो सुईसारखा लागे. तांड्याचा नियम एकच: सर्वांत मंद चालविणारा पुढे, सर्वांत अनुभवी शेवटी, आणि मागचा दिसेनासा झाला तर पुढच्यांनी थांबावयाचे. हा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. एकत्र कुटुंबे ज्यांनी चालविली आहेत त्यांस त्याचे मर्म सांगण्याची गरज नाही.

वाटेत पोलिसांच्या चौक्या होत्या. तेथे गाड्यांचे दिवे तपासत, मागे चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवीत, आणि फार दमलेल्यास सक्तीने विश्रांतीस बसवीत. काही टप्प्यांवर पोलिसांची मोटार पुढे राहून तांडा नेई. सरकारी तेलकंपनीच्या पंपांवर पेज आणि आल्याचे गरम पाणी फुकट मिळे, कोठे कोठे पेट्रोलही. वूझोऊ या नदीकाठच्या शहरापाशी तंबूंत डॉक्टर, गाडी दुरुस्त करणारे आणि घरी फोन करण्याची सोय होती. आपल्याकडे दिंडीस गावोगाव जेवण घालतात, त्याची आमच्या विद्यार्थ्यास आठवण झाली. ही व्यवस्था करणाऱ्यांचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु काही गाड्यांवर आईबापांच्या मध्ये चार-पाच वर्षांचे मूल कापडाने बांधून नेत असलेले त्याने पाहिले. पोलीस त्यांस थांबवून मुलास बसने पाठविण्याचा आग्रह करीत. कित्येक ऐकत, कित्येक पुढच्या वळणावर मुलास पुन्हा गाडीवर घेत. आमच्या वाचकभगिनीची आठी येथे मात्र पूर्णपणे योग्य ठरेल.

दुसऱ्या दिवशी यांगशुओ व ग्वेलिन मागे पडले. येथील चुनखडीचे सुळके आणि ली नदी यांचे दृश्य चिनी २० युआनच्या नोटेवर छापलेले आहे. ते पाहण्यास जगातून लोक येतात. या सहा गाड्यांपैकी एकही तेथे थांबली नाही. चालविणाऱ्यांचे डोळे ओल्या रस्त्यावर, आणि मागे बसलेल्यांचे मिटलेले.

ग्वेलिनच्या पुढे लोंगशेंगचा घाट लागतो. संध्याकाळ झाली होती, रस्ता निसरडा, आणि एका वळणावर तिसऱ्या क्रमांकाची गाडी आडवी झाली. चालविणारा तांड्यातील सर्वांत वडील, पन्नाशी उलटलेला. मनगट सुजले, गाडीचा दिवा फुटला. जिवास धोका नव्हता. तेव्हा तांड्यात वाद उभा राहिला. धाकटे म्हणाले, काकांस येथे एखाद्या घरी ठेवू, त्यांची गाडी मागाहून ट्रकने येईल, आपण पुढे जाऊ. वर्षाचे अवघे दहा दिवस, त्यांतला एक रस्त्यात का घालवावा? जखमी गृहस्थही तेच म्हणत होता. आमच्या विद्यार्थ्यास चिनी भाषा बेताची. पण त्या वादात कोणी आवाज चढविला नाही, आणि म्हणूनच तो फार कठीण वाटला, असे तो सांगतो. शेवटी त्या कामगाराची पत्नी, जी दोन दिवसांत क्वचितच बोलली होती, ती म्हणाली की गावात सहाऐवजी पाच गाड्या शिरल्या तर काकूंच्या छातीत काय होईल ते तुम्हांला ठाऊक आहे काय? ते ऐकून कोणी पुढे बोलले नाही. सर्वांनी रात्र एका शाळेच्या पडवीत काढली, दुसऱ्या दिवशी मनगट बांधून घेतले, वडिलांस मागे बसविले आणि त्यांची गाडी एका बारीकशा पोराने चालविली. एक दिवस गेला. ९ फेब्रुवारीस दुपारी, म्हणजे जेवणाच्या रात्रीच, ते गावी पोहोचले.

पंचांग पाहणाऱ्या वाचकांस सांगण्यासारखी गोष्ट अशी, की दुसऱ्या दिवशीची अमावास्या म्हणजे आपली मौनी अमावास्या होती. चीनमध्ये नवे वर्ष लागत होते, आणि त्याच दिवशी प्रयागास कुंभमेळ्याचे मुख्य स्नान चालू होते.

गाव डोंगरउतारावरचे, घरे लाकडी, मध्यभागी लोखंडी खिळा न ठोकता उभारलेला नगाऱ्याचा मनोरा, त्याखाली शेकोटीभोवती म्हातारे. पाहुण्यास प्रथम जो पदार्थ मिळाला तो म्हणजे तेलात परतलेल्या चहाच्या पानांचा खारट काढा, वर तांदळाच्या लाह्या व शेंगदाणे. बाकीच्या पदार्थांचे वर्णन येथे देत नाही. आमच्या पुष्कळ वाचकांच्या सोवळ्यास ते मानवणार नाही.

त्या घरी चार वर्षांची एक मुलगी होती. आईबाप तिला सहा महिन्यांची असता आजीपाशी ठेवून गेले होते, आणि दरवर्षी या दिवसांपुरते येत. मुलगी आईस ओळखत नव्हती असे नाही. भ्रमणध्वनीच्या काचेवर तिला पाहत असे. पण काचेतील आई आणि अंगणात उभी असलेली, चिखलाने माखलेली बाई या दोन निराळ्या ठरल्या. जेवताना आईने घास पुढे केला. मुलगी आजीच्या मागे सरकली. तेव्हा आजीने काय करावे? ती उठली, चुलीवर काहीतरी राहिले आहे असे पुटपुटत आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चुलीवर काहीही नव्हते. आमचा विद्यार्थी सरपण आणण्यास आत गेला तेव्हा ती विझलेल्या निखाऱ्यांपुढे हात धरून बसली होती. बाहेर मुलगी थोडा वेळ रडली, आणि मग भूक लागल्यामुळे तिने तो घास घेतला.

आपल्या घरांत नातवंडे आजीच्या हातीच वाढतात, आणि सुनेस व सासूस या एका बाबतीत किती सावधपणे वागावे लागते हे आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावे! पण आपल्याकडे सून त्याच घरात असते. कालिदासाच्या यक्षास एका वर्षाचा विरह शापाने आला; त्यावर एक काव्य उभे राहिले. येथे शाप दर वर्षी नव्याने सुरू होतो.

मग आईबापांनी मुलीस शहरात का नेले नाही, असा प्रश्न साहजिक येईल. चीनमध्ये प्रत्येक माणसाची नोंद कोणत्या तरी एका गावी असते. ही नोंदणी १९५८ च्या कायद्याने घट्ट झाली. शहरात काम मिळते, पण नोंद खेड्यातलीच राहते. आणि सरकारी शाळेतील प्रवेश, औषधोपचार व पुढे विद्यापीठप्रवेशाची परीक्षा ही बहुतांशी नोंदीच्या जागेशी जखडलेली असतात. कारखान्याच्या खोलीत आठ माणसे निजतात. तेथे मूल कोठे ठेवणार? २०१३ साली तेथील स्त्रियांच्या अखिल संघाने, आईबाप किंवा त्यांपैकी एक जण परगावी असलेल्या खेड्यांतील मुलांची संख्या ६ कोटी १० लक्ष दिली होती. २०१६ साली सरकारने व्याख्या आवळून धरली, म्हणजे सोळा वर्षांखालील आणि सांभाळण्याजोगे आईबाप दोघेही जवळ नसलेली मुलेच मोजली, तेव्हा आकडा ९० लक्षांवर आला. व्याख्या बदलल्याने मुलांपैकी किती जणांची आई घरी आली, हे आकडा सांगत नाही.

पेज आणि आल्याचे पाणी वाटणाऱ्यांविषयी आम्ही वर चांगले लिहिले. ते मागे घेत नाही. पण रस्त्यावर माणसाची काळजी घेणे सोपे, कारण ती दोन दिवसांची. ज्या नोंदवहीमुळे त्यास हा रस्ता धरावा लागतो ती वही उघडणे कठीण. अलीकडे पुष्कळ लहानमोठ्या शहरांत नोंदणीचे नियम सैल झाले आहेत; अगदी मोठ्या शहरांत ते अद्याप कडकच आहेत.

२६ डिसेंबर २०१४ रोजी ग्वेयांग ते ग्वांगझोऊ हा ८५७ किलोमीटरांचा जलद लोहमार्ग सुरू झाला. त्यावर त्सोंगजियांगला स्थानक आहे. जेथे दोन दिवस मोडत, तेथे आता काही तास लागतात. त्याच सुमारास ज्यांच्या हाती पैसा आला त्यांनी लहान मोटारी घेतल्या, काही जणांना गावाजवळच काम मिळाले, आणि मार्ग ३२१ वरील तांडे वर्षानुवर्षे रोडावत गेले. वूझोऊच्या वाटेवर पुढेही थोड्या फटफट्या दिसत. जलद गाडीचे तिकीट महाग वाटणारे, किंवा स्थानकापासून फार आत राहणारे असे ते लोक.

ती मुलगी आता तालुक्याच्या शाळेच्या वसतिगृहात राहते आणि सुटीस घरी येते. आईबाप अजून फोशानलाच आहेत व सणास आगगाडीने येतात. मनगट सुजलेल्या काकांनी गाडी चालविणे सोडले. त्या कामगाराची फटफटी मात्र गावातच राहिली. तिचा बाप, म्हणजे मुलीचा आजोबा, मागे दोन टोपल्या बांधून तीवरून बाजारास जातो, असे आमच्या विद्यार्थ्यास आलेल्या पत्रात होते.