दोष उन्हाचा कीं गाडीचा?

मोटारींच्या शर्यतींचें वेड अलीकडे आपल्या मुलांस बरेंच लागलें आहे. फॉर्म्युला वन ह्या नांवाच्या शर्यती बहुधा दूरदेशीं होतात. तरी कोणता चालक कितवा आला, हें वर्गांतील पुष्कळ मुलांस तोंडपाठ असतें. ह्या वेडास नांवें ठेवणारे पालक थोडे नाहींत. आमचें मत तसें नाहीं. डोळसपणें पाहणारास ह्या शर्यतींत शिकण्याजोगें पुष्कळ आहे; मात्र तें विजेत्याच्या चषकांत नसून बहुधा मागें पडणाऱ्याच्या चाकांत असतें. म्हणून ज्या एका संघाची वेगवान गाडी उन्हांत वारंवार हार खात असे, त्या संघाची हकीकत आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

हा संघ मर्सिडीजचा. ह्या नांवाच्या मोटारी आपल्या पुण्याजवळ चाकण येथें जोडल्या जातात, तेव्हां नांवाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सन २०१३ मध्यें ह्या संघाची गाडी एका फेरीपुरती पाहिली तर विलक्षण चपळ होती. मुख्य शर्यतीपूर्वीं प्रत्येक चालकास एकेक फेरी शक्य तितक्या वेगानें मारावयाची असते, आणि जो सर्वांत कमी वेळ घेईल तो शर्यतीच्या आरंभीं सर्वांच्या पुढें उभा राहतो. त्या वर्षींच्या १९ शर्यतींपैकीं ८ शर्यतींत हा मान मर्सिडीजच्या चालकांनीं मिळविला. पण जिंकल्या किती? अवघ्या ३. बहारीनच्या वाळवंटांत २१ एप्रिल रोजीं निको रोझबर्ग पहिल्या जागेवरून निघाला आणि नववा आला. स्पेनमध्यें बार्सिलोना येथें १२ मे रोजीं तर पहिल्या दोन्ही जागा ह्याच संघाच्या होत्या. शर्यत संपली तेव्हां रोझबर्ग सहावा होता आणि लुइस हॅमिल्टन बारावा. टायर जपण्याची सूचना आली असतां, ह्याहून हळू गाडी चालविणें आपणांस शक्य नाहीं, असें हॅमिल्टननें संघास कळविलें. पहिल्या रांगेंत उभें राहण्याचा मान मिळविलेल्या चालकावर ही पाळी यावी, ह्याचें कारण काय?

कारण मागच्या दोन टायरांत होतें. शर्यतीचा टायर आपल्या सायकलीच्या टायरासारखा नसतो. त्याचें रबर थंड असतां रस्त्यास नीट धरीत नाहीं. तें शंभर अंशांच्या आसपास तापलें म्हणजे मऊ होऊन रस्त्यास चिकटूं लागतें. म्हणून चाकें गाडीस बसविण्यापूर्वीं टायरांवर विजेनें तापणाऱ्या दुलया घालतात. पण हीच ऊब मर्यादेबाहेर गेली कीं पकड सुटते. पकड सुटली कीं चाक घसरतें. घसरलें कीं घर्षणानें टायर आणखी तापतो. आणि तापला कीं पुन्हां घसरतो. सावकाराच्या कर्जांत व्याजावर व्याज चढतें, त्यांतलाच हा प्रकार. एका फेरींत हें ध्यानांत येत नाहीं, कारण तेवढ्यांत व्याज चढावयास वेळच मिळत नाहीं. पन्नास-साठ फेऱ्यांत मात्र सर्व हिशेब चुकता करावा लागतो. इंजिनाचा सारा जोर मागच्या चाकांवर येतो, म्हणून तींच आधीं थकतात. आणि रस्ता उन्हानें तापलेला असला म्हणजे टायरास निवावयासही अवसर मिळत नाहीं.

आतां दोष कोणाचा? पुष्कळांनीं टायर करणाऱ्या पिरेली कंपनीकडे बोट दाखविलें. ही कंपनी सन २०११ पासून सर्व संघांस टायर पुरविते; आणि टायर लवकर झिजावे, चाकें बदलण्याचे प्रसंग यावे व शर्यत रंगावी, अशी शर्यतींच्या चालकांचीच तिला सूचना होती. ह्या तक्रारींत मुळींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच वर्षीं ३० जून रोजीं इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें भर वेगांत एकामागून एक गाड्यांचे टायर फुटले. जेथें माणसाच्या जिवाशीं गांठ आहे, तेथें वस्तु दुबळी असून चालणार नाहीं. तेव्हां त्यानंतर टायरांची घडण बदलण्यांत आली हें योग्यच झालें. परंतु फुटणें निराळें आणि झिजणें निराळें. झिजण्यापुरतें पाहिलें तर सर्व संघांस टायर तेच होते आणि डोक्यावर ऊनही तेंच होतें. बार्सिलोनास फर्नांडो अलोन्सो पांचव्या जागेवरून निघाला आणि त्याच टायरांवर जिंकला. ऊन पक्षपात करीत नाहीं. तें दोष निर्माण करीत नाहीं. असलेला दोष उघडा पाडतें, इतकेंच.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. स्पेनमधील त्या हारीनंतर लागलीच, १५ ते १७ मे ह्या तीन दिवशीं, मर्सिडीजनें पिरेलीच्या टायरांच्या चांचणीसाठीं आपली त्याच वर्षाची गाडी बार्सिलोना येथें चालविली. हंगाम चालू असतां चालू वर्षाची गाडी घेऊन चांचणी करूं नये, असा नियम होता. इतर संघांस ही गोष्ट मागाहून कळली व प्रकरण न्यायाधिकरणापुढें गेलें. न्यायाधिकरणानें जून महिन्यांत दोघांसही ताकीद दिली आणि तरुण चालकांसाठीं ठेवलेल्या तीन दिवसांच्या चांचणींत भाग घेण्यास मर्सिडीजला मज्जाव केला. दोघांचा हेतु वाईट नव्हता, असेंही त्यानें नमूद केलें. तें आम्हांस मान्य आहे. तरीही जें दार सर्वांस बंद आहे त्या दारानें एकट्यानें आंत जाणें बरें नव्हे, मग गरज कितीही खरी असो.

पुढें २८ जुलै रोजीं हंगेरींत कडक उन्हाळा होता. मर्सिडीजचे टायर येथें तग धरणार नाहींत, असा बहुतेकांचा अंदाज होता. परंतु हॅमिल्टन पहिल्या जागेवरून निघाला आणि पहिलाच आला. ह्या शर्यतीपासून टायरांची घडण बदललेली होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तरी त्या वर्षींचें अजिंक्यपद ह्या संघास मिळालें नाहीं. तें सेबास्टियन व्हेटेलनें २७ ऑक्टोबर रोजीं आपल्याच देशांत, ग्रेटर नोएडा येथें, पक्कें केलें.

पुढें ह्याच संघानें सन २०१४ पासून ओळीनें ८ वर्षें संघांचें अजिंक्यपद मिळविलें. इतकें वैभव भोगल्यावरही जुना रोग पुन्हां उद्भवला. नोव्हेंबर २०२४ मध्यें लास व्हेगासच्या थंड रात्रीं त्याचे चालक पहिले व दुसरे आले. आणि जून २०२५ मध्यें ऑस्ट्रियाच्या उन्हांत जॉर्ज रसेल पांचवा आला, तोही विजेत्याच्या मागें एका मिनिटाहून अधिक अंतरानें. त्या वर्षीं संघानें मागच्या चाकांच्या आधाराची नवी रचना केली होती. ती बसविली असतां कॅनडांत विजय मिळाला, आणि त्या विजयामुळेंच तिच्या दोषावर पांघरूण पडलें. ऑगस्टांत हंगेरीस संघानें ती काढून टाकून जुनी रचना पुन्हां बसविली आणि विजयानें आपली दिशाभूल झाली हें संघप्रमुखांनीं मोकळेपणानें सांगितलें. तेथें रसेल तिसरा आला. एवढ्या श्रमानें व द्रव्यानें केलेली वस्तु चारचौघांसमक्ष बाजूस ठेवण्यास जें धैर्य लागतें, तें आम्हांस शर्यतींतील विजयाहून मोठें वाटतें.

आतां आपल्या शाळेकडे वळूं. येथेंही एका फेरीचे वीर पुष्कळ आहेत. आदल्या रात्रीं घोकून चांचणी-परीक्षेंत वरचा नंबर मिळवावा आणि वार्षिक परीक्षेच्या उन्हाळ्यांत मागें पडावें, हा क्रम आम्ही वर्षानुवर्षें पाहतों. त्या वेळीं दोष कोणास दिला जातो? प्रश्नपत्रिका कठीण होती. तपासणारे कडक होते. वेळ अपुरा होता. परंतु प्रश्नपत्रिका सर्वांस एकच असते. ती खरोखर अन्यायाची असेल तर तसें उघडपणें सांगावें, आम्ही तें ऐकूं. अपेक्षित प्रश्न आधीं कळावे म्हणून शिक्षकांच्या घरीं खेपा घालणाऱ्या पालकांस मात्र आमची नम्र विनंती आहे कीं, त्यांनीं बार्सिलोनाच्या त्या तीन दिवसांचा विचार करावा. हेतु मुलाच्या कल्याणाचा असला तरी दार तें नव्हे.

मुलाचे गुण उतरले तर प्रथम त्याच्याजवळ बसून पाहावें कीं, कोणतें चाक घसरत आहे: गणितांतील अपूर्णांक, कीं मराठींतील शुद्धलेखन, कीं रोजची झोंप. घसरणें लहान असतांनाच थांबवितां येतें. व्याज चढल्यावर तें अवघड जातें. आणि विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, आरंभींच्या पहिल्या जागेचा आनंद अवश्य मानावा, पण त्या आनंदांत आपले टायर किती तापले आहेत हें पाहण्यास विसरूं नये.