नंबर गल्ल्यावर लावू नका

आमच्या सूतगिरणीत सुताला नंबर असतो. नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक. जाड दिसतं म्हणून कुणी वरचा नंबर देत नाही. पण नागराज मंजुळेच्या पिक्चरला नंबर द्यायचा म्हटलं की आपली शिकलेली पोरंही गल्ला मोजत बसतात. 'सैराट'नं १०० कोटी ओलांडले म्हणून तो पयला. 'झुंड'नं तेवढे कमावले नाहीत म्हणून नागराज संपला. हे माप सावकाराचं. आपलं कधीपासून झालं?

माझं माप एकच. आपला माणूस पडद्यावर स्वतःच्या हातानं काय करतो?

पयला नंबर 'फँड्री', २०१३. कैकाड्याचं घर डुक्कर धरतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत लागतं. सगळे ताठ उभे, डुक्कर पसार. पुढं मेलेलं डुक्कर बांबूला टांगून तेच घर बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रांच्या भिंतीसमोरनं जातं. कुणी भाषण देत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्या तोंडावर भिरकावतो. दगड त्याचा, हातही त्याचाच.

दुसरा 'सैराट', २०१६. आर्ची पाटलाची, परश्या पारध्याचा. गावंच्या गावं गाण्यांवर नाचली आणि शेवटी लेकराच्या रक्ताळ पावलांपुढं मुकी झाली. २०१८ साली हिंदीवाल्यांनी त्याचाच 'धडक' केला आणि जात पुसट करून टाकली. काय काढलं की पिक्चर मरतो, हे त्यांनीच सिद्ध केलं.

तिसरा 'वैकुंठ', २०२२. लहानसा, कुणी फारसं नाव घेत नाही. करोनात मढी जाळणारा माणूस, नागराज स्वतः. लोकांची मढी तो जाळतो आणि लोक त्यालाच घराबाहेर काढतात. तरी तो काम टाकत नाही.

चौथा त्याच सालचा 'झुंड'. इथं आपली पोरं माझ्यावर चिडतील. अमिताभ बच्चन जयंतीत बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहतो, म्हणून टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? नागपूरच्या झोपडपट्टीतली ती पोरं अस्सल आहेत. वस्ती आणि कॉलेज यांच्यामधली भिंत खरी आहे. पण बॉल कोण देतो? सर. बाजू कोण मांडतो? सर. पोरं ऐकतात. कुणी म्हणेल, विजय बारसे हे खरेच मास्तर, गोष्ट त्यांचीच. कबूल. पण खऱ्या गोष्टीतही कॅमेरा कुणाच्या खांद्याशी उभा करायचा, हे दिग्दर्शक ठरवतो.

'फँड्री'तली भिंत आपल्याला जाब विचारते. 'झुंड'मधला फोटो आपली पाठ थोपटतो. चळवळीची पाठ लई थोपटून झाली. निवडणूक आली की प्रत्येक पुढारी त्याच फोटोला हार घालतो. तेव्हाही आपण शिट्ट्या मारणार का?

प्रस्थापित समीक्षकाला नागराज पडला तरी आनंद, चढला तरी आनंद. त्याचं काय जातं? आपलं जातं. म्हणून नागराजला आपणच सांगायचं : भाऊ, तुला मोठा नट मिळाला, पैसा मिळाला, ते तू कमावलंस. पण आमच्या पोरांना वाचवायला सर धाडू नकोस. पोरांनाच बोलू दे.

आणि तुम्ही, दोस्तहो, फोटो दिसला की आधी बघा, त्याच्या खाली कोण उभं आहे आणि बोलतंय कोण.

जय भीम.