जाळं न लावणारा शिकारी

काल बायकोने झाडू उचलला आणि मी मध्ये पडलो! खिडकीत प्लेक्सिपस पायकुली होता, नर. जेमतेम सेंटीमीटरभर, काळा, अंगावर पांढरे पट्टे, आठांपैकी समोरचे दोन डोळे टपोरे. हा पठ्ठ्या शिकारीला जाळं लावत नाही. माशी दिसली की वळून नीट बघतो, मांजरासारखा दबकत जवळ जातो, मग रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो (उडी चुकली तर बॅकअप!) आणि झेप... पाय ताणायला शरीरातल्या द्रवाचा दाब वापरतो, म्हणजे चक्क हायड्रॉलिक्स.

असा फुकटचा शिकारी घरात असताना आपण पैसे मोजून पेस्ट कंट्रोल करतो आणि झुरळांबरोबर यालाही मारतो. यंदा आमच्याकडे फवारणी बंद, असं मी ठरवलंय. बायकोचं अजून ठरायचंय :)