नोंदी होत्या, दुवा दिसला नाही

फोंडा तालुक्यातील महानंद नाईक याला 2009 मध्ये अटक झाली. सुमारे 15 वर्षांत 16 तरुणींच्या हत्या केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला, तेव्हा अवघा गोवा हादरला. एवढ्याशा राज्यात ही साखळी इतकी वर्षे कोणाच्याच नजरेस कशी पडली नाही, हा प्रश्न तर अधिकच अस्वस्थ करणारा होता. मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार एका नोंदवहीत आणि अनोळखी मृतदेहाची नोंद दुसरीत राहिली, की प्रत्येक घटना सुटी दिसते.

ब्रिटनच्या पोलिसांनाही हा धडा महागात पडला. तेथे 13 स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफची पोलिसांनी तब्बल नऊ वेळा चौकशी केली होती. परंतु ती माहिती हस्तलिखित कार्डांच्या ढिगाऱ्यात विखुरलेली होती. 1981 मध्ये तो सापडल्यानंतर झालेल्या परीक्षणातून ‘होम्स’ ही संगणकीय तपासप्रणाली पुढे आली.

आज तपास अधिकाऱ्यासमोर कॉलच्या नोंदी, वाहन क्रमांक, बँक व्यवहार आणि सीसीटीव्ही चित्रण यांचा डोंगर उभा असतो. हीच माहिती नकाशावर, कालरेषेवर आणि परस्परसंबंधांच्या आलेखात मांडणारे साधन हजारो ओळींत दडलेला दुवा चटकन दाखवू शकते. पोलिस स्थानकांना जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला केंद्राने 2009 मध्येच मंजुरी दिली. त्यामुळे अशा साधनाला लागणारा पाया उपलब्ध आहे.

मात्र आलेख नोंदीइतकाच खरा असतो. गोव्यात एकच आडनाव रोमी लिपीत ‘Naik’ आणि ‘Naique’ अशा दोन वळणांनी लिहिले जाते. पणजीचे पंजिम आणि मडगावचे मारगाव होते. हे भेद न ओळखणारे साधन एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती करील. म्हणून साधन उभारताना पहिला खर्च आकर्षक पडद्यावर नव्हे, तर नोंदींच्या शिस्तीवर व्हायला हवा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पडद्यावरील रेषा हा संशयाचा धागा असतो, पुरावा नव्हे. संशयिताला फोन करणारा दूधवालाही त्या आलेखात दिसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. सुंदर आलेख त्याची जागा घेऊ शकत नाही.

नाईकला काही खटल्यांत जन्मठेप झाली, तर अनेक खटल्यांतून तो पुराव्याअभावी सुटला. वर्षे उलटल्यावर साखळी उलगडली, तरी तोवर साक्षी आणि खुणा पुसल्या जातात. तपासाच्या नव्या साधनाचे मोल ठरेल ते याच कसोटीवर: दोन नोंदींमधला दुवा तिसरा बळी जाण्यापूर्वी दिसतो की नाही.