तिकिटावरचे चित्र आणि तिकिटाची किंमत

टपाल तिकिटे जमविणे हा शाळकरी मुलांचा, फार तर निवृत्तांचा छंद आहे, असे चळवळीतल्या पुष्कळ मित्रांचे मत असते. या छंदाविषयी मीही त्यांच्यापुढे थोड्या संकोचानेच बोलत आलो आहे. परंतु जुनी वही पुन्हा चाळताना जाणवले की, शासन स्वतःविषयी काय सांगू इच्छिते आणि प्रत्यक्षात काय करते, यांतले अंतर या कागदाच्या चिटोऱ्यांवर फार स्पष्ट दिसते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. त्यांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. फाळणीच्या रक्तपाताला जेमतेम वर्ष झाले असताना दोन लिप्या अशा शेजारी याव्यात, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र नाशिकच्या सरकारी छापखान्यात १९२६ पासून तिकिटे छापली जात असताना, स्वदेशीचा मंत्र देणाऱ्या या महापुरुषाची तिकिटे छापून आणली ती स्वित्झर्लंडहून! १९५५ साली पंचवार्षिक योजनेची मालिका निघाली. तीत ट्रॅक्टर, यंत्रमाग, दामोदर खोऱ्यातले धरण आहे आणि सूत कातणारी व हातमागावर विणणारी स्त्रीही आहे. यंत्रमाग आणि हातमाग यांचा प्रत्यक्षातला झगडा मालिकेत मात्र कोठेच दिसत नाही.

गौरवाचा क्रमही बोलका आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर १९५८ साली, त्यांच्या हयातीतच तिकीट निघाले. तो गौरव सर्वथा यथार्थ होता. पण १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांना १९७७ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्या शाळेत शिकविणाऱ्या सावित्रीबाईंना त्यानंतर आणखी २१ वर्षे, म्हणजे १९९८ पर्यंत. शूद्रातिशूद्रांचा आणि स्त्रियांचा इतिहास शासनाच्या स्मरणात किती उशिरा प्रवेश करतो, याचा हा छापील पुरावाच म्हटला पाहिजे.

तथापि केवळ चित्रांवरून भांडत राहिलो, तर तिकिटातली खरी क्रांतिकारक गोष्ट आपल्या नजरेतून निसटेल. ती गोष्ट म्हणजे त्याची किंमत. १८५४ पूर्वी या देशात पत्राचे हशील अंतरावर ठरत असे. जितके दूर, तितके महाग. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते देशात कोठेही जावो, अर्धा आणा हा एकच दर झाला. कंपनी सरकारने हे काही समतेच्या प्रेमापोटी केले नाही. त्याला व्यापार व राज्यकारभार सुकर करावयाचा होता. परंतु तत्त्व रुजले ते असे की, दूर राहणाऱ्याला दूर राहण्याचा दंड नसावा. जवळच्या व सोप्या पत्रातून उरलेले पैसे दुर्गम गावच्या पत्राच्या कामी यावेत, हे सामाजिक अर्थशास्त्र त्या अर्ध्या आण्यात होते.

त्याचाच पुढला पाठ १९७१ साली मिळाला. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले, तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. आरंभी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवरच निर्वासित साहाय्याची अक्षरे उमटविली गेली. पुरवठा अपुरा पडला तेथे स्थानिक कचेऱ्यांनी शिक्के मारून काम भागविले. माझ्या वहीतले ते ओबडधोबड तिकीट मला सर्वांत सुंदर वाटते. सामान्य माणसाने पाच पाच पैशांनी उचललेल्या भाराची ती पावती आहे.

आज हेच तत्त्व पणाला लागले आहे. १८९८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या टपाल कायद्याने तिकिटे काढण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला, पण पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सोडून दिला. म्हणजे चित्र छापण्याचा मान शासनाचा, आणि पत्र पोचविणे मात्र बाजारातल्या अनेक सेवांपैकी एक! फायद्याची शहरी पत्रे खाजगी कुरियरने न्यावीत, डोंगरातला पाडा टपाल खात्याकडे राहावा, आणि मग ‘हे खाते तोट्यात चालते’ अशी ओरड व्हावी, हा क्रम आपण इतर सार्वजनिक सेवांतही पाहिला आहे.

या साऱ्याचा भार वाहतो तो ग्रामीण डाक सेवक. देशातल्या दीड लाखाहून अधिक टपाल कचेऱ्यांपैकी दहांत नऊ खेड्यांत आहेत, आणि त्या प्रामुख्याने अडीच लाखांहून अधिक सेवकांच्या जिवावर चालतात. त्यांना खात्याच्या नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. २०१८ च्या मे-जूनमध्ये त्यांनी देशव्यापी संप केला. आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले?

संग्राहक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. पाकीट तसेच ठेवा. त्यावर गावाचा शिक्का असतो, तारीख असते, पत्र कोठून कोठे गेले ते असते. आणि कार्यकर्त्यांना विनंती अशी की, आपल्या पुढाऱ्याचे तिकीट निघावे म्हणून निवेदन देण्यापूर्वी, आपल्या तालुक्यातली शाखा टपाल कचेरी चालू आहे काय आणि तिथल्या डाक सेवकाला किती मोबदला मिळतो, याची चौकशी एकदा अवश्य करावी.