बेडूक आणि भूतदया

गेल्या गणपतीत आमच्या गावातील एका सद्गृहस्थांच्या ओटीवर मी सहज बोलून गेलो, की अंदमानात आपल्याकडचा मोठा पिवळा बेडूक माजला आहे, त्याला पकडून कमी केला पाहिजे. झाले! यजमानांच्या हातातील मोदक तसाच राहिला. “मास्तर, मुलांना शिकवणारे तुम्ही, आणि मुक्या जिवाची हत्या सांगता?” सारी ओटी त्यांच्या बाजूची. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला माणूस. कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडून फर्डे बोलतो, प्रत्यक्षात माझी जीभ टाळूला चिकटते. तेव्हा वाचकहो, त्या दिवशीचे राहिलेले उत्तर आज तुमच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो.

हा बेडूक आपल्या चांगल्या ओळखीचा. मृगाची पहिली सर कोसळली की आमच्या कोकणच्या मळ्यांतून हळद लावलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक होऊन, गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून ओरडतो तोच. वीतभर अंगाचा, तोंडात मावेल ते गिळणारा. येथे त्याला खाणारे साप आहेत, बगळे आहेत. त्याच्याबरोबर हजारो वर्षे राहून येथील लहान बेडूकही त्याच्या वाऱ्याला उभे न राहण्यास शिकले आहेत.

अंदमान म्हटले की मराठी मनापुढे सेल्युलर तुरुंग उभा राहतो. पण कोणतीही शिक्षा न होता त्या बेटांवर युगानुयुगे राहिलेले इवले बेडूकही तेथे आहेत, आणि त्यांची आठवण काढणारा कोणी नाही. या शतकाच्या आरंभी मुख्य भूमीवरून तळ्यांसाठी मत्स्यबीज गेले, त्यातून आपला हा वीर बेडूकमाशाच्या रूपाने तेथे पोहोचला असावा. पिशवीतल्या वळवळीत मासा कोण आणि बेडूक कोण, हे पाहायला कोणाला सवड? पुढे संशोधकांनी गावोगाव जाऊन ‘हा तुमच्याकडे प्रथम कधी दिसला?’ असे लोकांनाच विचारले. २०१८ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा वस्तीच्या आठ बेटांपैकी सहांवर तो दिसला होता. कोंबडीची पिले आणि तळ्यातले मासे गिळतो, ही लोकांची तक्रार निराळीच.

खरा घाला पाण्याखाली पडतो. याची बेडूकमासे असलेली पिलेही मांसाहारी! तेथील मायक्रोहायला चक्रपाणी आणि कलौला घोषी या दोन जातींची पिले याच्या पिलांसोबत एका पाण्यात ठेवून पाहिली, त्याचा निष्कर्ष २०१९ साली छापून आला. देशी पिलांपैकी एकही वाचले नाही. नाव चक्रपाणी, पण हाती चक्र कुठले?

आता ओटीवरचे आक्षेप. एक म्हणाले, निसर्ग आपला तोल आपणच सांभाळतो. मग चितळांचे काय झाले? इंग्रजांनी हौसेने चितळ अंदमानात नेले. तेथे वाघ नाही, बिबळ्या नाही. शंभर वर्षे होत आली, चितळ जंगलातली कोवळी रोपे अजून खातच आहे. तोल यायचा तो कधी?

दुसरा आक्षेप पापाचा. यजमानांना वाटते, आपण हात बांधून बसलो म्हणजे हत्या टळली. छे! हत्या रोज चालूच आहे, फक्त ती डबक्यात होते आणि मरणाऱ्याला ओरडता येत नाही. कोणी मरावे एवढेच ठरवायचे आहे, आणि न ठरवणाऱ्यानेही ते ठरवलेलेच असते.

पाण्यात विष ओता असे मी म्हणत नाही. त्याने देशी बेडूक आधी मरतील. तळ्यांतून अंडी आणि पिले जाळीने काढावीत, पावसात जमणारे मोठे बेडूक हाताने पकडावेत. आणि सर्वांत आधी, मत्स्यबीजाची प्रत्येक पिशवी धक्क्यावर उघडून पाहावी. जी बेटे अजून वाचली आहेत ती तेवढ्याने वाचतील. राग मात्र बेडकावर काढू नये. तो काही तिकीट काढून गेला नव्हता.

आणि माझे हे म्हणणे येथे कोणी सोयीने वापरू नये. येथे त्याचे घर आहे. १९७२च्या कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे, तरी पहिल्या पावसात टॉर्च घेऊन माणसे मळ्यांत उतरतातच. त्या दिवशी ओटीवर माझ्यावर डोळे वटारणाऱ्यांतले दोघे आषाढात सीमेपलीकडे गोव्यात जाऊन ‘जंपिंग चिकन’ चापून येतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. तेथे भूतदया कोणत्या खिशात असते?

मास्तर, तुमचे हात तरी स्वच्छ आहेत का, असे कोणी विचारले नाही. विचारायला हवे होते. काही वर्षांपूर्वी डासांवर उपाय म्हणून शाळेच्या टाकीसाठी गप्पी मासे मिळाले. टाकीत सोडून उरले, ते टाकून कसे द्यायचे? मी मुलांना रांगेने मागच्या व्हाळावर नेले, जीवदान म्हणजे काय यावर चार वाक्ये बोललो, आणि बादली कोंडीत ओतली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या कोंडीत ज्येष्ठात काळे बेडूकमासे ओंजळीने मिळत, आम्ही ते वर्गात काचेच्या बरणीत वाढवत असू. यंदा बरणी घेऊन पुन्हा गेलो. एका मुलीने ओंजळ भरून वर काढली. “गुरुजी, सगळे गप्पीच आहेत,” ती म्हणाली.