पृथ्वी वाचवा, एफएसआय मिळवा

पर्यावरण जपल्याबद्दल बिल्डरला बक्षीस काय द्यावं? रोपटं? मानपत्र? छे! आणखी बांधकाम. महाराष्ट्राच्या डिसेंबर २०२०च्या एकात्मिक विकास नियमावलीत सोय चोख केलेली आहे : हरित मानांकनाची जशी पायरी, तसा मूळ एफएसआयवर, म्हणजे भूखंडावर बांधायच्या परवानगीवर, ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय. पृथ्वी वाचवलीत ना शेठ? मग घ्या, अजून चढवा! दारूबंदीच्या कार्यकर्त्याचा सत्कार क्वार्टर देऊन करावा, तसं हे.

बरं, हे हरित पुण्य निदान आत राहणाऱ्याच्या वाट्याला यावं की नाही? पुण्यातला कुठलाही सॅम्पल फ्लॅट बघा. दुपारचे चार, आणि एसी १८वर. का हो? घर हरित आहे ना? पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर वीतभर छज्जा नाही. छज्ज्याने म्हणे एलिव्हेशन बिघडतं. भिंतीवर बोटाने वाजवून बघा. वीट नाही, मिवान! ॲल्युमिनियमचे साचे लावायचे, काँक्रीट ओतायचं, आठ-दहा दिवसांत पुढचा स्लॅब. वेगाला साष्टांग दंडवत. पण विटेच्या किंवा एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा ही भिंत ऊन फार चटकन आत घेते, आणि तुम्ही संध्याकाळी दमून घरी आलात की इमानदारीत तुमच्या हवाली करते. याबद्दल विचारलंत, तर सेल्सवाला तुम्हाला गच्चीवर नेतो. 'सर, आमचं लँडस्केपिंग बघा ना!'

यावर बिल्डरमंडळींचं ब्रह्मास्त्र ठरलेलं : 'ग्राहक मागतच नाही हो.' अस्सं? आणि लॉबीतले रोमन खांब कोणी मागितले होते? ते न मागता दिलेत, पैसे मात्र आठवणीने मागितलेत.

दुसरं अस्त्र : 'परवडत नाही.' लॉरी बेकर नावाचा मूळचा बर्मिंगहॅमचा गृहस्थ केरळात वर्षानुवर्षं नेमकं परवडणारंच बांधत राहिला. विटा आडव्या न घालता उभ्या कडेवर रचायच्या, मधे पोकळी सोडायची. रॅट-ट्रॅप बाँड. विटा जवळजवळ पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज त्याच्याच हातचं, जाऊन बघा. 'पण आमचा तीस मजली टॉवर आहे!' असू दे की. टॉवरचा भार खांब-तुळयांवर टाकता येतो. मग मधल्या भिंतीत काय भरायचं, खिडकी कुठल्या दिशेला काढायची आणि तिच्यावर छज्जा द्यायचा की नाही, हे तर तुमच्याच हातात आहे ना? माल कमी, घर गार, आणि तरी परवडत नाही! बिल्डरला न परवडणारी गोष्ट बहुधा एकच असावी : स्वस्ताई.

तेव्हा वाचकहो, ही मंडळी उपदेशाने सुधारतील या भ्रमात राहू नका. पुढच्या साइट व्हिजिटला कॉफी जरूर घ्या, फुकट असते. मग विचारा, 'या इमारतीचा आरईटीव्ही किती?' भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरते, त्याचं हे माप. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८च्या इको निवास संहितेत, थंड हवेचे प्रदेश सोडून, त्याची मर्यादा चौरस मीटरला १५ वॉट अशी घालून दिली आहे. उत्तर आकड्यात मागा, लेखी मागा, आणि ते हातात पडेपर्यंत बुकिंगचा चेक खिशातून काढू नका.